कोंड्याचा मांडा

मराठी भाषेने कोंड्याला कधी प्रतिष्ठा दिली नाही. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण माणसाच्या गरजेची शेवटची पायरी सांगते. त्याखाली काही नाही. 'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार हलाखीत नेटका संसार करणाऱ्या बाईच्या कौतुकाचा खरा, पण त्या कौतुकातही कोंडा टाकाऊ आणि मांडा श्रेष्ठ हे गृहीतच आहे. मांड्याला सपीट लागते. गव्हातून जे जे काढता येईल ते काढून टाकल्यावर उरणारे ते तलम पीठ. चाळणीतून खाली पडले ते ऐश्वर्याचे आणि चाळणीवर राहिले ते दारिद्र्याचे, अशी ही जुनी वाटणी आहे.

आज पुण्यातल्या एखाद्या मोठ्या किराणा दुकानात गेले तर ही वाटणी उलटलेली दिसते. गव्हाचा कोंडा वेगळ्या पाकिटात मिळतो. हातसडीचा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा महाग असतो. नाचणी, वरई, राळा ही एके काळी डोंगराळ भागातल्या गरिबाची धान्ये 'सेंद्रिय' असा शिक्का घेऊन काचेच्या बरण्यांत बसलेली असतात. घरी शिजवलेले, कमीत कमी प्रक्रिया केलेले, रासायनिक खतांवाचून पिकवलेले अन्न हा सुशिक्षित मध्यमवर्गाचा आरोग्यधर्म झाला आहे. त्याची चर्चा बहुधा डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि विक्रेते यांच्यातच होते. परंतु शब्दांचे अर्थ उलटतात तेव्हा तो विषय साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांचाही होतो. कोंडा वर कसा चढला, आणि तो वर चढत असताना दळणारा हात कुठे होता, हा या लेखाचा विषय आहे. या कथेचे महत्त्वाचे टप्पे पुण्यात आणि पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरच्या आत घडले आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात 'शुद्ध अन्न' म्हणजे काय, याचे उत्तर अन्नाच्या घटकांत शोधले जात नव्हते. ते शिजवणाऱ्याच्या आणि वाढणाऱ्याच्या हातात शोधले जात होते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पंच हौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींनी चहा घेतला, गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि पुढे ग्रामण्य, शंकराचार्यांचे मंडळ, प्रायश्चित्त असे सगळे रामायण घडले. त्या कपात साखर किती होती, दूध कसले होते, हा प्रश्न कोणाच्या स्वप्नातही आला नसेल. प्रश्न एवढाच होता की तो कप कोणाच्या हातून आला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची सुरुवात ज्यांना आठवते, त्यांना वडिलांच्या सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरातल्या बायकांना उपसावे लागलेले काम आठवेलच. लक्ष्मीबाई ते विनोदाने सांगतात, म्हणून आपण हसतो. पण शुद्धतेची कल्पना एकाची आणि तिचे कष्ट दुसऱ्याचे, हे चित्र त्या हसण्यामागे स्पष्ट आहे. ते चित्र पुढे अनेकदा दिसणार आहे.

आयुर्वेदातला पथ्याचा विचार अर्थातच जुना होता. पण पथ्य आजाऱ्यासाठी. सोवळे मात्र रोजचे, सर्वांसाठी.

अन्नातून काय काढून टाकले जाते, याकडे जगाचे लक्ष वेधले ते तांदळाच्या गिरण्यांनी. वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, तांदूळ पांढराशुभ्र होऊ लागला आणि पूर्व आशियात बेरीबेरीने माणसे मरू लागली. १८९०च्या दशकात जावा बेटावर आयक्मान या डच वैद्याने पाहिले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना तसलाच आजार होतो आणि असडी तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. आजार जंतूंमुळे होतो असे मानण्याचा तो काळ. एखादी वस्तू नसल्यामुळेही आजार होऊ शकतो, ही कल्पनाच पचायला वेळ लागला. १९१२ साली त्या अज्ञात वस्तूंना 'व्हिटॅमिन' हे नाव मिळाले आणि १९२९ साली आयक्मानला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोंड्याच्या भाग्योदयाची सुरुवात येथून धरायला हरकत नाही.

हिंदुस्थानात या विद्येचा मुख्य पुरुष रॉबर्ट मॅककॅरिसन. नीलगिरीतल्या कुन्नूर येथे त्याने पांढऱ्या उंदरांचे गट करून त्यांना देशातल्या निरनिराळ्या समाजांचा आहार खाऊ घातला. त्याच्या क्रमवारीत शिखांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा. सडलेल्या तांदळावर भर असलेला मद्रासी आहार सर्वांत खाली राहिला. मराठी माणसाला या तिसऱ्या क्रमांकाचा अभिमान वाटावा अशी सोय आहे, पण जरा थांबावे. उंदरांना मिळालेला हा 'मराठा आहार' ठरावीक प्रमाणात, रोज आणि पोटभर होता. प्रत्यक्ष दख्खनच्या खेड्यात काय मिळत होते, याचा शोध पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी त्याआधीच घेतला होता. १९१७ साली त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा आणि १९२१ साली ना. वि. कानिटकरांच्या साहाय्याने जातेगाव बुद्रुकचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गावाच्याच मापाने पुरेसे मानले जाणारे अन्नवस्त्र कुटुंबाच्या उत्पन्नात बसते का, हा प्रश्न होता. बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत ते बसत नव्हते. भाकरी चाळलेल्या पिठाची की कोंड्यासकट, हा प्रश्न भाकरी असलेल्यांपुरताच होता. (त्याच पिंपळे सौदागरमध्ये आज बहुमजली इमारतींच्या रांगा आहेत.)

प्रयोगशाळेतला हा विचार आणि खेड्यातली ही परिस्थिती या दोहोंना एकत्र आणण्याचा प्रयत्न ज्याने केला, त्याचे नाव गांधी. गांधींचा आहारविचार हा चेष्टेचा विषय करणे सोपे आहे आणि मराठीत ते पुष्कळांनी केलेही आहे. शेळीचे दूध, खजूर, कच्च्या भाज्या, उकडलेला बेचव पाला: विनोदाला भरपूर सामग्री. पण त्यातली एक गोष्ट गंभीरपणे घेण्यासारखी आहे. कोंड्याची महती सांगणारे पुष्कळ होते. कोंडा पिठात ठेवायचा तर दळायचे कोणी, हा प्रश्न विचारणारे त्या काळात फार थोडे होते आणि गांधी त्यांपैकी एक होते.

'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेत जोहान्सबर्गच्या घराचे वर्णन आहे. लुई कूने या जर्मन निसर्गोपचारकाच्या पद्धतीने घरी बिनचाळल्या पिठाची पोळी करायची ठरली. गिरणीचे पीठ त्याला चालेना, तेव्हा गांधींनी सात पौंड देऊन हाताने फिरवायचे जाते विकत घेतले. त्याचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई, दोघांना सोपे पडे. ते फिरवीत असत ते गांधी स्वतः, त्यांचे सहकारी पोलॉक आणि मुले. कस्तुरबा अधूनमधून हात लावीत, पण ती वेळ त्यांच्या स्वयंपाकाची असे, अशी नोंद गांधी करतात. मराठी साहित्याच्या वाचकाला येथे जनाबाई आठवल्यावाचून राहणार नाही. आपल्या परंपरेत बाईच्या जात्याला हात लावायला आलेला पुरुष एकच, आणि तोही देव. जनीबरोबर विठ्ठल दळतो, ही कथा पिढ्यानपिढ्या बायकांनी जिवापाड जपली, तिच्यामागे भक्तीबरोबर एक साधी इच्छाही असली पाहिजे. जोहान्सबर्गच्या घरात दोन पुरुष दळायला बसले, ही त्या मानाने किरकोळ घटना. पण आहाराच्या इतिहासात ती किरकोळ नाही.

पुढे डिसेंबर १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र झाली आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस झाले. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, गूळ आणि जात्यावरचे पीठ हे या संघाचे मुख्य विषय होते. 'हरिजन'मधून गांधी तांदळाच्या आणि पिठाच्या गिरण्यांवर सातत्याने लिहीत राहिले. युक्तिवाद दुहेरी होता: गिरणी धान्यातले सत्त्व काढून घेते आणि खेड्यातल्या माणसाच्या, विशेषतः कांडप करणाऱ्या बाईच्या, हातचे काम काढून घेते. पहिला भाग विज्ञानाने उचलून धरला. दुसऱ्या भागाकडे आपण परत येऊ.

आता पुण्याकडे वळतो. पुण्याने गांधींना अनेकदा पाहिले ते कैदी म्हणून किंवा रुग्ण म्हणून. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याचा हा कैदी ससून रुग्णालयात आणला गेला आणि कर्नल मॅडॉक यांनी त्याचे आंत्रपुच्छ कापून काढले. निसर्गोपचाराच्या कैवाऱ्याचा जीव शस्त्रक्रियेने वाचला. ऑगस्ट १९४२मध्ये ते पुन्हा पुण्यात आले ते आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होऊन. १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तेथेच वारले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २८ ऑगस्टला, गांधींनी आरोग्यावरचे एक लहान पुस्तक गुजरातीत लिहायला घेतले आणि १८ डिसेंबरला पुरे केले. मराठीत ते 'आरोग्याची गुरुकिल्ली' या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. देश पेटलेला, जवळचा माणूस नुकताच गेलेला, आणि हा गृहस्थ पाला, दूध आणि कोंडा यांवर लिहितो आहे. यात पलायन आहे असे कोणाला वाटेल. मला ते वाटत नाही. ज्याच्या हातून सगळे काढून घेतले आहे, त्याच्या हातात उरते ते स्वतःचे शरीर, आणि त्या शरीराचा हिशेब तो मांडतो.

हिशेब हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. बैठे काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहाराचे एक कोष्टकच त्या पुस्तकात आहे: गाईचे दूध दोन पौंड, धान्य सहा औंस, पालेभाजी तीन औंस, इतर भाज्या पाच औंस, कच्ची भाजी एक औंस, तूप दीड औंस किंवा लोणी दोन औंस, गूळ किंवा साखर दीड औंस. ताजी फळे मात्र आवडीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. या कोष्टकात दोन जागा लक्ष देण्याजोग्या आहेत. 'गूळ किंवा साखर' असे लिहून त्यांनी पांढऱ्या साखरेला सरसकट विष ठरवलेले नाही. आजच्या आरोग्यप्रचारकांपेक्षा त्यांचा सूर येथे सौम्य आहे. आणि फळांपाशी 'ऐपत' हा शब्द येतो. आहारावरच्या पुस्तकात ऐपतीचा उल्लेख होणे ही लहान गोष्ट नाही. पण मग दोन पौंड दूध, म्हणजे जवळजवळ नऊशे ग्रॅम, कोणाच्या ऐपतीत बसत होते? मॅनसाहेबांच्या जातेगावात तरी ते बसणारे नव्हते. पुस्तकात हा पेच सुटलेला नाही. तो सोडवण्याची वेळ चार वर्षांनी आली.

मधल्या काळात त्याच वाड्यात कस्तुरबांचे आजारपण झाले. फेब्रुवारी १९४४मध्ये पुण्याचे पारशी निसर्गोपचारक डॉ. दिनशा मेहता यांना त्यांच्यावर उपचार करण्याची परवानगी मिळाली. धाकटा मुलगा देवदास याने विमानाने पेनिसिलिन मागवले; शेवटच्या घटकेला सुया टोचून तिला त्रास देऊ नये असे गांधींनी सांगितले आणि ते औषध दिले गेले नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. या प्रसंगावरून गांधींवर टीका झाली आहे, आणि ती अस्थानी आहे असे म्हणता येणार नाही. ज्यांनी आयुष्यभर हा आहार आणि हे उपचार पाळले, त्यांच्यात कस्तुरबांइतकी किंमत फार थोड्यांनी मोजली असेल. आणि ते पाळण्याचा निर्णय बहुतेक वेळा त्यांचा नव्हता.

दिनशा मेहतांचे निसर्गोपचार केंद्र पुणे स्टेशनाजवळ, ताडीवाला रस्त्यावर होते. गांधी तेथे वेळोवेळी राहिले. १९४५ साली वल्लभभाई पटेलही तेथे उपचारासाठी होते. त्याच वर्षी या कार्यासाठी एक विश्वस्त निधी स्थापन झाला आणि गांधी त्याचे अध्यक्ष झाले. कल्पना अशी की, आजवर पैसेवाल्यांच्या उपयोगी पडलेले हे केंद्र आता गरिबांसाठी चालवावे. (हीच वास्तू 'बापू भवन' या नावाने ओळखली जाते, १९८६पासून तेथे केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे.) पण काही महिन्यांतच गांधींच्या लक्षात आले की, हे जमणार नाही. गरीब माणूस शहरातल्या उपचारगृहात येत नाही. उपचारगृहानेच त्याच्याकडे जायला हवे. शहरात गरिबांसाठी संस्था काढण्याचा आपला विचार हा मूर्खपणा होता, अशी कबुली त्यांनी १९४६च्या मार्चमध्ये 'हरिजन'मधून दिली. स्वतःच अध्यक्ष असलेल्या संस्थेची इमारत, उपकरणे, नामवंत वैद्य हे सगळे हाताशी असताना हा मनुष्य उठला आणि खेड्यात गेला.

ते खेडे म्हणजे उरुळी कांचन. पुणे-सोलापूर रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर, पुण्याच्या पूर्वेला. (पुण्याचा कचरा ज्या उरुळीत वर्षानुवर्षे टाकला गेला ती उरुळी देवाची, ती वेगळी, हेही सांगायला हवे, कारण शहरातल्या माणसाचा दोन्ही उरुळींबाबत गोंधळ होतो.) २२ मार्च १९४६ रोजी गांधी येथे आले आणि ३० मार्चपर्यंत राहिले. रोज गावोगावचे रुग्ण येत. कटिस्नान, सूर्यस्नान, मातीच्या पट्ट्या, रामनाम आणि खाण्यात बदल हे उपचार. खेड्यातल्या रुग्णाला सांगायचे ते त्याच्या गावात मिळेल तेच, असा त्यांचा कटाक्ष होता. १ एप्रिलला निसर्गोपचार आश्रमाची स्थापना झाली. गांधी गेले, मागे राहिलेल्यांत मणिभाई देसाई नावाचा सुरत जिल्ह्यातला, अजून सव्वीसही पुरे न झालेला तरुण होता. त्याने उरुळीतच आयुष्य घालवण्याचा शब्द गांधींना दिला होता आणि १९९३ साली मृत्यू येईपर्यंत तो पाळला.

मणिभाईंची पुढची वाटचाल या सगळ्या कथेतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. आश्रमात आलेल्या रुग्णाला दूध घ्या, भाजी खा, असे सांगायचे. तो मान डोलवून घरी जायचा आणि घरी दूधही नाही, भाजीही नाही. आहाराचा उपदेश करून भागणार नाही, आहार पिकवावा लागेल, हे मणिभाईंना उमगले. ते गाईंकडे वळले. गीर गाईंचे संगोपन, मग संकर, मग गोठवलेले वीर्य आणि दारोदार कृत्रिम रेतन. १९६७ साली त्यांनी उरुळीत 'बाएफ' ही संस्था काढली. होल्स्टिन आणि जर्सी वळूंचे रक्त गावठी गाईंत आले, गावोगाव दूध वाढले. १९८२ साली मणिभाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्या गांधींनी यंत्राने सडलेल्या तांदळाविरुद्ध एवढे लिहिले, त्यांचा शिष्य द्रव नत्रात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या घेऊन खेड्यात फिरला. देशी गाईचे आजचे अभिमानी याला विपर्यास म्हणतील. मला मात्र यात कोष्टकातल्या त्या दोन पौंड दुधाचे उत्तर दिसते. गुरूने लिहिलेला आकडा शिष्याने खरा मानला आणि तो गोठ्यातून काढून दाखवण्यासाठी जे करावे लागेल ते केले.

आश्रम आजही चालू आहे. तेथे येणाऱ्यांत वजन, मधुमेह, रक्तदाब यांनी गांजलेली शहरी मंडळी मोठ्या संख्येने असतात. ते अडचणीत आहेत, त्यांना तेथे बरे वाटते, यात वाईट काही नाही. परंतु गांधी शहर सोडून खेड्यात गेले आणि शहर त्यांच्या मागे मागे खेड्यात आले, हेही खरे.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे, दळणाऱ्या हाताकडे, येऊ. गिरणीने बाईचे काम काढून घेतले, हे ग्रामोद्योगवाद्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. दुसऱ्याच्या घरी कांडप करून पोट भरणाऱ्या विधवेचे किंवा भूमिहीन बाईचे काम गिरणीने नक्कीच काढून घेतले. पण स्वतःच्या घरचे दळण करणाऱ्या बाईला विचारले असते तर? सुदैवाने तिने स्वतःच सांगून ठेवले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आल्या आहेत. जगात स्त्रियांच्या मौखिक काव्याचे इतके मोठे संकलन क्वचितच असेल. ते वाचताना दोन गोष्टी एकदम जाणवतात. जाते हा तिचा सोबती आहे, देव आहे, तिचे ऐकून घेणारा एकमेव कान आहे. आणि जाते जड आहे. पहाटेच्या अंधारात, रात्रीची झोप अपुरी असताना, खांदा भरून येईपर्यंत ते ओढायचे आहे. माहेरचे बळ आणि आईचे दूध या दळणात खर्ची पडते, ही भावना ओव्यांत पुन्हा पुन्हा येते.

काव्याच्या अभ्यासकांची येथे अडचण होते. गिरणी आली आणि ओवी थांबली, हे आपण हळहळून सांगतो. दळण थांबले म्हणून गाणे थांबले, ही हानी खरीच आहे. पण ज्या बायकांनी गाणी रचली, त्यांनी गिरणी गावात आल्यावर जाते कोपऱ्यात ठेवले, आणि ते कोणाच्या जबरदस्तीने नव्हे. डोक्यावर पाटी घेऊन गिरणीपर्यंत चालत जाणे त्यांना सोपे वाटले. गाण्याची किंमत त्यांना आपल्यापेक्षा कमी कळत होती असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. अखंड धान्याचे, घरच्या दळणाचे, सकाळी दळून दुपारी संपवण्याचे जे पीठ आज आदर्श म्हणून सांगितले जाते, ते महाराष्ट्राच्या घराघरात शतकानुशतके होते, आणि ते एका खांद्यावर उभे होते. गांधींच्या जोहान्सबर्गच्या जात्याला म्हणूनच महत्त्व द्यायचे. त्यांच्या आश्रमांत पुरुषही दळत. आश्रमाबाहेर मात्र हा भाग कोणी उचलला नाही. कोंडा तेवढा उचलला.

कोंड्याची दुसरी बाजू जातीची आणि वर्गाची. ज्वारी-बाजरीची भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची, ही दख्खनच्या बहुसंख्य घरांतली रीत होती. पोळी रोज खाणे ही सुस्थितीची खूण होती. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित घरांतली चूल मराठी वाचकासमोर मांडली. पुस्तकाच्या नावातच जेवणापूर्वीच्या श्लोकाला दिलेले उत्तर आहे. तेलातुपाशिवाय, मसाल्याशिवाय, मिळेल ते शिजवून खाण्याची ती रीत वाचताना कोणा आहारतज्ज्ञाला 'कमी तेल, स्थानिक घटक, काहीही वाया नाही' असे शेरे मारण्याचा मोह होईल. तो टाळावा. निवडून केलेला त्याग आणि लादलेला अभाव यांची पाककृती कागदावर सारखी दिसते, एवढेच. १९७२च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना 'अखंड धान्य' या शब्दांनी काय आठवेल, याचाही विचार करावा. त्या पिढीने पुढे बरे दिवस येताच पांढरा तांदूळ आणि पोळी जवळ केली, त्यात अज्ञान कमी आणि स्मृती जास्त होती. पोषणशास्त्राच्या बाजूनेही हा विषय एकरेषीय नाही. कोंड्यात जीवनसत्त्वे आणि तंतू आहेत, तसे लोहाचे शोषण कमी करणारे फायटिक आम्लही आहे. भरल्या पोटाच्या मधुमेह्याला कोंडा औषध आहे. पंडुरोगी, अर्धपोटी मुलीला फक्त कोंडा देऊन चालत नाही.

सेंद्रिय हा शब्द या कथेत बराच उशिरा आला, पण त्याचेही एक मूळ मराठी मुलखाच्या शेजारीच आहे. होळकरांच्या इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. १९४०च्या त्यांच्या पुस्तकात मॅककॅरिसनच्या उंदरांचा आधार घेऊन जमिनीचे आणि माणसाचे आरोग्य एकमेकांना जोडले आहे. आपल्याकडे श्री. अ. दाभोळकरांनी 'विपुलाच सृष्टी'तून आणि प्रयोग परिवारातून हाच विचार गच्चीवरच्या बागेपर्यंत आणला, आणि पुण्यात त्याला चांगली जमीन, म्हणजे गच्ची, मिळाली. दाभोळकरांचा भर स्वतः करून पाहण्यावर होता. बाजाराचा भर शिक्क्यावर असतो. २०१७ साली केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सेंद्रिय अन्नाचे नियम केले आणि 'जैविक भारत' हे चिन्ह आले. फसवणूक होऊ नये म्हणून ते आवश्यकच होते. मात्र १८९० साली अन्न शुद्ध आहे की नाही हे ठरवायला शंकराचार्यांचे मंडळ लागले होते आणि आता प्रमाणन संस्था लागते, एवढे साम्य नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि पुण्यातल्या हॉटेलांतून नाचणीचे डोसे आणि ज्वारीचे पिझ्झे मिळू लागले. घरी मात्र भाकरी थापायला येणाऱ्या मावशी शोधाव्या लागतात. गहू रोजचा झाल्यावर वाढलेल्या पिढीच्या हाताला भाकरीचे वळण उरलेले नाही. ज्यांच्या हाताला ते आहे, त्यांच्यापैकी पुष्कळ जणी दुष्काळी भागातून शहराच्या कडेला राहायला आलेल्या आहेत. त्या चार घरच्या ज्वारीच्या भाकऱ्या करून स्वतःच्या घरी जातात. घरचे, ताजे, अखंड धान्याचे अन्न त्या शहराला पुरवतात, आणि 'घरचे' या शब्दात त्यांचे घर मोडत नाही.

जाते अजून आहे. लग्नाच्या आधी त्याला हळदकुंकू लावून मुहूर्ताची मूठभर हळद दळतात, पाच सवाशिणी खुंट्याला हात लावतात, म्हातारी कोणी असली तर तिला दोन ओव्या आठवतात. बाकी वर्षभर ते जिन्याखाली असते. त्याच घरात ओट्याच्या शेजारी विजेवर चालणारी घरघंटी असते. तिच्यात धान्य घालायचे, हवी ती जाळी बसवायची, झाकण लावायचे. जे आत गेले ते सगळे पीठ होऊन बाहेर येते, कोंड्यासकट.